घुमटातली हवा आणि जिन्यातले ड्रम

वाद्याचा आवाज नेमका कोठे असतो, हा प्रश्न वरकरणी बालिश वाटेल. चर्मवाद्याचा आवाज चामड्यात असतो, असे उत्तर कोणीही देईल. पण ज्याने घुमटवादकाच्या हातांकडे जवळून पाहिले आहे, त्याचे या उत्तराने समाधान होणार नाही. घुमटाच्या मातीच्या भांड्याला दोन तोंडे असतात. मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले असते. लहान तोंड उघडे असते. वादक उजव्या हाताच्या बोटांनी चामड्यावर आघात करतो आणि डाव्या तळव्याने ते उघडे तोंड कधी झाकतो, कधी अर्धवट मोकळे ठेवतो, कधी अजिबात सोडून देतो. आघात तोच, बोटे तीच, चामडेही तेच. पण तळवा हलला की नाद पालटतो. घुमटाचा आवाज चामड्यावर जन्मतो खरा, परंतु त्याला रूप येते ते भांड्यातल्या हवेत. आणि त्या हवेचे दार वादकाच्या डाव्या हाती असते.

मराठीत घुमट म्हणजे देवळाचे किंवा एखाद्या थोर इमारतीचे गोल छत. गोव्यात घुमट म्हणजे हे वाद्य. वास्तू आणि वाद्य एकाच शब्दात नांदतात, हा योगायोग असो वा नसो, आमच्या आजच्या विषयाला तो फार उपयोगी आहे. पाश्चात्य रॉक संगीताच्या ध्वनिमुद्रकांनी पंधरावीस वर्षे खटपट करून जे हस्तगत केले, ते थोडक्यात असे : ड्रमचा आवाज जितका ड्रममध्ये असतो, तितकाच तो भोवतालच्या खोलीत असतो. खोलीही वाजते. ती किती वाजू द्यायची, हा ड्रमच्या ध्वनिमुद्रणातला मुख्य प्रश्न होय.

पेडणे आणि डिचोलीच्या वाचकांस विलायती ड्रमशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे, आणि ते दिवसेंदिवस वाढत आहे. त्या ड्रमसाठी घडलेल्या युक्त्या आज संगणकात तयार मिळतात. चवथीच्या आरत्या, शिगम्याचे ढोलताशे, देवळातले सुवारीवादन यांचे ध्वनिमुद्रण करणारा आमचा तरुण त्याच युक्त्या वापरतो. पण त्या कोणत्या गरजेतून निघाल्या, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. औषधाची बाटली घरात आली आणि रोगाचे नाव मात्र बाहेरच राहिले, अशी ही अवस्था आहे. म्हणून त्या युक्त्यांचा जन्म आधी पाहावा, आणि मग आपल्या वाद्यांवर त्यांचा काय परिणाम होतो याचा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

रॉकचा ड्रमसंच म्हणजे एकाच माणसाने चालविलेला लहानसा वाद्यमेळ. पायाने वाजणारा मोठा बास ड्रम, खाली तारा ताणलेला चपटा स्नेअर, दोनतीन टॉमटॉम आणि धातूच्या थाळ्या, इतका परिवार एका आसनाभोवती मांडलेला असतो. त्यांतल्या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. बास ड्रम खर्जात बोलतो आणि चटकन थांबतो; थाळी तारस्वरात बोलते आणि थांबतच नाही. साठीच्या दशकाच्या आरंभी बहुधा एकदोन मायक्रोफोनांवर हा सारा संसार भागविला जाई. ड्रम ऐकू येत, पण मागच्या ओळीत बसलेल्या पाहुण्यासारखे. पुढे गाण्याचा सारा जीवच लयीत आला, तेव्हा ही मागची जागा ड्रमला पुरेना.

या असमाधानाचा एक विलक्षण आविष्कार लंडनमध्ये १९६४ साली घडला. जो मीक नावाचा ध्वनिमुद्रक होलोवे रोडवरच्या ३०४ क्रमांकाच्या घरात, चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरच्या आपल्या बिऱ्हाडात, स्टुडिओ थाटून बसला होता. हनीकोम्ब्ज या वाद्यवृंदाचे ‘हॅव आय द राइट’ हे गीत मुद्रित करताना त्याला ड्रमचा ठोका अपुरा वाटला. तेव्हा त्याने वाद्यवृंदातल्या मंडळींना घराच्या लाकडी जिन्यावर उभे करून तालात पाय आपटावयास लावले आणि सायकलस्वार विजारीला लावतात त्या चिमट्यांनी कठड्याला मायक्रोफोन अडकविले. ते गीत इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. या हकिकतीकडे विक्षिप्तपणा म्हणून पाहणे सोपे आहे. आम्हांस तीत एक अचूक कान दिसतो. लाकडी जिना आतून पोकळ असतो; पायरी हे त्याचे चामडे आणि खालची पोकळी ही त्याची हवा. मीकने ड्रमला जोड म्हणून घरातलेच दुसरे मोठे चर्मवाद्य शोधून काढले, इतकेच.

दोन वर्षांनी त्याच शहरात याच्या अगदी उलट मार्ग धरला गेला. एप्रिल १९६६ मध्ये ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या बीटल्सच्या गीताच्या ध्वनिमुद्रणास जेफ एमरिक हा अवघ्या वीस वर्षांचा तरुण बसला होता. बास ड्रमच्या दोन फुटांच्या आत मायक्रोफोन नेऊ नये, असा त्या स्टुडिओचा दंडक होता; आघाताच्या वाऱ्याने नाजूक यंत्र बिघडेल, अशी भीती. एमरिकने तो दंडक मोडून मायक्रोफोन काही इंचांवर आणला. रिंगो स्टारच्या बास ड्रममध्ये त्याने एक लोकरी स्वेटर कोंबला, आणि मग तो आवाज कॉम्प्रेसर या यंत्रातून काढला. हे यंत्र मोठा आवाज दाबून धरते, त्यामुळे त्याच्या मानाने लहान आवाज वर येतो. परिणाम असा झाला की, खोली नाहीशी झाली. ड्रम ऐकणाऱ्याच्या छातीपाशी येऊन बसला. कोरडा, जाड आणि हट्टी. एकाच सुरावर घोळणाऱ्या त्या गीतास असाच ठोका हवा होता. खोलीचा घुमारा त्यात मिसळला असता, तर ते सारे पातळ झाले असते.

तिसरा प्रसंग रॉकच्या जगात दंतकथेसारखा सांगितला जातो, पण तो खराच आहे. इंग्लंडातल्या हॅम्पशर परगण्यात हेडली ग्रेंज नावाचे जुने घर आहे. १७९५ साली ते निर्धनांच्या आश्रमासाठी बांधले गेले. १९७० च्या अखेरीस आणि १९७१ च्या आरंभी लेड झेपेलिन या वाद्यवृंदाने तेथे मुक्काम केला आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रे भरलेली एक मोटारगाडी दाराशी उभी केली. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गीतासाठी जॉन बॉनमचा ड्रमसंच जिन्याच्या तळाशी, उंच दालनात मांडण्यात आला. अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकाने संचाजवळ मायक्रोफोन ठेवलाच नाही. वरच्या मजल्याच्या कठड्यावरून त्याने दोन मायक्रोफोन खाली सोडले. तो आवाज कॉम्प्रेसरमधून काढला आणि त्यास प्रतिध्वनीच्या यंत्राची थोडी जोड दिली. एमरिक इंचांनी मोजत होता, जॉन्स मजल्यांनी मोजू लागला. आज अर्धे शतक उलटून गेले तरी तो पहिला ठोका ऐकताना डोळ्यांपुढे ड्रम येत नाही, घर येते.

चौथा प्रसंग केवळ अपघाताचा. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत १९७९ साली पीटर गॅब्रिएल यांच्या ध्वनिमुद्रिकेचे काम चालले होते. वादकांचे बोलणे काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकास ऐकू यावे म्हणून खोलीत एक मायक्रोफोन टांगलेला असे, आणि जवळचा-लांबचा बोलणारा सारखाच ऐकू यावा यासाठी त्याला फार जबर कॉम्प्रेसर जोडलेला असे. फिल कॉलिन्स ड्रम वाजवीत असता तो मायक्रोफोन उघडा राहिला आणि दगडी भिंतींच्या खोलीचा सारा घुमारा अंगावर कोसळावा तसा ऐकू आला. ह्यू पॅडगॅम या ध्वनिमुद्रकाने तो आवाज मुद्रित होईल अशी व्यवस्था केली आणि त्यास नॉइज गेट जोडले. आवाज ठरावीक पातळीखाली उतरला की दार बंद करणारे हे यंत्र. घुमारा प्रचंड उठतो आणि मावळण्यापूर्वीच कापला जातो. १९८० साली गॅब्रिएल यांच्या ‘इंट्रूडर’ या गीतात आणि १९८१ मध्ये कॉलिन्स यांच्या ‘इन द एअर टुनाइट’ मध्ये हा आवाज जगाने ऐकला, आणि पुढची दहा वर्षे दुसरे काही ऐकलेच नाही, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

या चार प्रसंगांत एकाने घराचा जिना वाजविला, एकाने खोली मारली, एकाने खोलीच मुद्रित केली आणि एकाने ती उघडून मध्येच मिटली. मार्ग परस्परविरोधी आहेत. तरीही चारही आम्हांस कलादृष्ट्या खरे वाटतात, याचे कारण काय? आमच्या मते कारण हे की, चारही ठिकाणी युक्ती लयीच्या मागून आली. बॉनमची लय संथ आहे. तिच्या दोन आघातांमध्ये मोकळी जागा आहे. दालनाचा घुमारा पसरला तो त्या मोकळ्या जागेत. हाच वादक द्रुत गतीने भरगच्च वाजविता, तर त्याच जिन्याने साऱ्याचा चिखल केला असता. शिवाय, दूरच्या दोन मायक्रोफोनांवर विसंबता येते केव्हा? जेव्हा वादक स्वतःच तोल सांभाळतो तेव्हा. कोणता आघात जड आणि कोणता हलका, हे बॉनमच्या पायांत आणि मनगटांत ठरलेले होते. जॉन्सने ते फक्त बिघडविले नाही. जवळच्या मायक्रोफोनांत तोल ध्वनिमुद्रक करतो, दूरच्या मायक्रोफोनांत वादक. हा भेद आम्ही पुढे पुन्हा उपयोगात आणणार आहोत.

पॅडगॅमच्या युक्तीस तर आणखी एक अट होती आणि तिचा उल्लेख क्वचितच केला जातो. गॅब्रिएल यांनी त्या ध्वनिमुद्रिकेपुरती ड्रमसंचातल्या थाळ्यांना बंदी घातली होती. जबर कॉम्प्रेसर लहान आवाज वर उचलतो. थाळ्या असत्या तर त्यांचा लांबलेला किणकिणाट साऱ्यावर पसरला असता, आणि तो निनादत असेतोवर दारही मिटले नसते. थाळ्या नव्हत्या म्हणून ती युक्ती साधली. पुढे हाच परिणाम एका कळीत बसविणारी यंत्रे निघाली, आणि अट विसरून फळ तेवढे सर्वांनी घेतले. ऐंशीच्या दशकातली कितीतरी गीते आज कालबाह्य वाटतात, ती त्यांतल्या चालींमुळे नव्हे. प्रत्येक ठोक्यावर चढविलेल्या त्या एकाच उसन्या खोलीमुळे.

असे धाडस केवळ विलायतेतच झाले, असा समज कोणी करून घेऊ नये. मुंबईच्या चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांनी याच वाटेने पुष्कळ मजल मारली. ‘यादों की बारात’ (१९७३) मधल्या एका गीताचा आरंभ काचेच्या पेल्यावर चमचा वाजवून होतो. ‘शोले’ (१९७५) मध्ये बाटल्यांच्या तोंडांवर फुंकर घालून लय उभी केली आहे. गुलजार यांच्या ‘किताब’ (१९७७) मधल्या शाळेच्या गाण्यात तर वर्गातली बाके वाजविली आहेत. या शेवटच्या उदाहरणात युक्तीचा खरा अर्थ स्पष्ट होतो. बाक वाजले की वर्ग उभा राहतो. मास्तर पाठमोरे झाल्यावर जो तबला आपण साऱ्यांनी कधी ना कधी बडविला, तोच तो. त्या मुंबईच्या वाद्यवृंदांत आमची माणसे थोडीथोडकी नव्हती. हळदोण्याचे चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, तसेच सेबॅस्टियन डिसोझा यांसारख्या गोमंतकीय वादक-संयोजकांनी हिंदी चित्रपटाच्या वाद्यमेळास जे रूप दिले, ते आता सर्वमान्य झाले आहे.

आणि रॉक संगीताचे घरगुती ध्वनिमुद्रण पाहावयाचे असेल तर पेडण्याहून केवळ एक नदी ओलांडावी लागते. शापोऱ्याच्या उत्तर काठी पेडणे महालातले चोपडे, दक्षिण काठी बार्देशातली शिवोली. शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ ही ध्वनिफीत आपल्या घरी, चार पट्ट्यांच्या कॅसेटयंत्रावर मुद्रित केली. गाणारे तेच, वाजविणारेही तेच. चार पट्ट्या म्हणजे किती थोडे, हे आजच्या वाचकास सांगावे लागेल. मोठ्या स्टुडिओत एकट्या ड्रमसंचालाच त्याहून अधिक पट्ट्या लागत. चार पट्ट्यांत संसार करावयाचा तर आधी मुद्रित केलेले एकत्र करून एका पट्टीवर उतरवावे लागते, आणि एकदा उतरविले की तो निर्णय फिरविता येत नाही. दारिद्र्याची थोरवी गाण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्याला शंभर पट्ट्या फुकट मिळतात तो निर्णय पुढे ढकलतो, आणि ज्याला चार मिळतात तो आधी ऐकतो, हा अनुभव कलेच्या बहुतेक प्रांतांत येतो.

आता घुमटाकडे वळू. २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटास राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला, ही आनंदाची गोष्ट घडली. परंतु मान मिळालेल्या वाद्याचे ध्वनिमुद्रण कसे होते? आमच्या ऐकण्यात आलेल्या चवथीच्या पुष्कळ ध्वनिमुद्रणांत तीन दोष वारंवार आढळतात, आणि तिन्ही दोष उसन्या युक्तीचे आहेत.

पहिला दोष असा की, मायक्रोफोन चामड्याच्या तोंडाशी धरला जातो आणि उघड्या तोंडाकडे कोणी पाहतच नाही. ड्रमसाठी सांगितलेला नियम घुमटास लावला, की घुमटाचा अर्धा देह बाहेर राहतो. बोटांची टपटप येते. तळव्याने घडविलेला चढउतार येत नाही. बरे, दोन्ही तोंडांशी मायक्रोफोन ठेवले म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. आघाताबरोबर चामडे एका मायक्रोफोनापासून आत दूर जाते, त्याच क्षणी दुसऱ्या तोंडाने हवा दुसऱ्या मायक्रोफोनावर लोटली जाते. दोन्ही आवाज जसेच्या तसे मिसळले, तर ते एकमेकांस खातात आणि घुमटाचा खर्जच नाहीसा होतो. स्नेअर ड्रमला वरून आणि खालून मायक्रोफोन लावणाऱ्यांना हा धोका पुरता ठाऊक आहे. एक आवाज उलटा करून घेतला की तो टळतो. यंत्रात त्यासाठी एक साधी कळ असते. युक्ती उसनी घ्यायचीच तर ही घ्यावी, हिची आपल्याला खरी गरज आहे.

दुसरा दोष घुमाऱ्याचा. घुमट, शामेळ आणि कासाळे यांच्या मेळात कासाळे लयीचा कणा असते. गॅब्रिएल यांनी थाळ्या बाहेर काढल्या; आम्हांस कासाळे बाहेर काढता येत नाही, आणि काढूही नये. अशा मेळावर कॉम्प्रेसर आणि तयार घुमारा चढविला की काय होते, ते वर सांगितलेल्या अटीवरून वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. कासाळ्याचा किणकिणाट फुगतो, शामेळच्या काठ्यांचे बोल त्यात बुडतात, आणि सुवारी द्रुत लयीत चढू लागली, म्हणजे जेथे ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावयाचा, नेमक्या तेथेच सारे एकजीव होऊन नुसता गलका उरतो. संथ लयीला शोभणारे दालन द्रुत लयीच्या गळ्यात बांधल्याचे हे फळ. शिवाय घुमटवादकाचा डावा तळवा हेच मुळी एक दार आहे. पॅडगॅमने यंत्राने जे साधले ते आमचा वादक प्रत्येक आघाताला हाताने साधीत आला आहे. त्या दारावर यंत्राचे दुसरे दार बसविणे म्हणजे गाणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणे होय.

तिसरा दोष अधिक खोल आहे. एका घुमटाचे चार बोल टिपून तेच पुन्हापुन्हा फिरवायचे आणि त्यावर आरती गायची, अशी रीत रूढ होत आहे. डिचोलीच्या कुंभारांच्या मातीकामाचे नाव गोव्यात जुने आहे. चाकावर हाताने घडविलेली दोन भांडी कधी सारखी नसतात. भिंतीची जाडी वेगळी, तोंडाचा घेर वेगळा, म्हणून आतली हवाही वेगळी. पाच घुमटे एकत्र वाजतात तेव्हा पाच वेगळ्या हवा बोलतात, आणि त्या मेळाची सारी श्रीमंती त्या फरकात असते. एकच बोल पाच वेळा एकावर एक ठेवला म्हणजे पाच घुमटे होत नाहीत. एक घुमट मोठ्याने होते.

येथे कोणी म्हणेल की, ही सारी सोवळेपणाची भाषा झाली. हेडली ग्रेंजचा ठोका तरी कोठे नैसर्गिक होता? आक्षेप योग्य आहे, आणि आमचे म्हणणे त्याने अधिक स्पष्ट होते. ध्वनिमुद्रण कधीच नैसर्गिक नसते. मायक्रोफोन कोठे ठेवायचा हे ठरविले, त्या क्षणी कृत्रिमतेस आरंभ झाला. आम्ही कृत्रिमतेस दोष देत नाही. न ऐकता केलेल्या कृत्रिमतेस देतो. जॉन्सच्या मायक्रोफोनांनी एका खऱ्या घराचा जिना ऐकला होता. आमच्या आरतीला तरी कोणते घर ऐकू येते? चिऱ्यांच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, वर कौले, गणपतीपुढे टांगलेली पानाफळांची माटोळी आणि खोलीत दाटीने बसलेली वीसपंचवीस माणसे, असे ते जुने घर. माणसे, माटोळी, सारवण ही सारी आवाज थोडाथोडा पिऊन टाकतात, कौलांच्या फटींतून काही आवाज निघून जातो, म्हणून तेथे द्रुत सुवारीचाही बोल न् बोल सुटा ऐकू येतो. आज पुष्कळ घरांत काँक्रीटचे छत आणि गुळगुळीत फरशी आली आहे. तेथे तीच आरती कानठळ्या बसविते, आणि घरची मंडळी दोष वादकांना देतात. घर बदलले म्हणजे वाद्य बदलले, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. फरशीवर चार सतरंज्या आणि भिंतीशी दोन गोधड्या टाकून पाहाव्यात. एमरिकच्या स्वेटराची किंमत तेव्हा कळेल.

पेडणे, डिचोली आणि सत्तरी या महालांतल्या घोडेमोडणीचे आणि शिगम्याच्या ढोलताशांचे गणित याहून निराळे. तेथे छत नाही. वाद्य चालते आहे आणि ऐकणाराही चालतो आहे. मेळ वाड्यावरून देवळाकडे येतो, भिंतींमधून जाताना त्याचा आवाज गोळा होतो, मांडावर पोहोचला की तो मोकळा सुटतो. प्रत्येक ढोलाला मायक्रोफोन बांधून हे हाती लागणार नाही. येथे हेडली ग्रेंजचाच धडा उपयोगी पडतो : तोल वादकांनी आधीच ठरविलेला आहे. कोण पुढे, कोण मागे, ताशे कोठे, कासाळी कोठे, हे त्यांच्या चालण्यातच आहे. दोन मायक्रोफोन घेऊन मांडाच्या कडेला, जेथे जाणता माणूस उभा राहून ऐकतो तेथे, उभे राहावे आणि मेळाला येऊ द्यावे, जाऊ द्यावे. अर्थात जागा निवडताना आता आकाशाकडेही लक्ष ठेवावे लागते. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून विमाने सुरू झाली आहेत, आणि पेडण्याच्या शांततेत त्यांचाही एक सूर मिसळला आहे.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे विचारणाऱ्यास आम्ही एकच गोष्ट सांगू. पूर्वी घुमटास घोरपडीचे कातडे चढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीस अभय दिले, आणि ते योग्यच झाले. कोणत्याही नादासाठी एखादी जात संपविण्याचा आपल्याला अधिकार नाही. आता घुमट बकऱ्याच्या कातड्यावर वाजते. त्याचा बोल वेगळा उठतो. वादकांनी बोटांचा दाब बदलून तो आपलासा करून घेतला आहे. पण जुना बोल आता परत यावयाचा नाही. तो जेथे कोठे नीट मुद्रित झाला असेल तेथेच राहिला. आणि जेथे त्यावर घुमाऱ्याचा मुलामा चढला, तेथे तो आपण दोनदा गमावला, एकदा कायद्याने आणि एकदा आपल्या हाताने. मुद्रणानंतर कोरड्या आवाजास घुमारा जोडता येतो. मुरलेला घुमारा मात्र पुरता काढून घेता येत नाही. एवढा एकच नियम पाळला गेला, म्हणजे मूळ आवाज मुलाम्याशिवाय जपून ठेवला आणि अलंकार त्याच्या वेगळ्या प्रतीवर चढविले, तरी पुढच्या पिढीवर मोठे उपकार होतील.

कारण ती पिढी आता ध्वनिमुद्रणावरूनच शिकते आहे. आजोबांच्या मांडीशी बसून डाव्या तळव्याची हालचाल पाहणारी मुले कमी झाली. दूरच्या शहरात कानांत यंत्र घालून ऐकणारी वाढली. त्यांच्या कानी जे पडेल तेच त्यांचे घुमट. तळव्याचा चढउतार जर मुद्रणातून गळला, तर दहापंधरा वर्षांनी तो वाजविण्यातूनही गळेल. कारण जे कधी ऐकलेच नाही ते हात कोठून आणणार? लंडनमधल्या जिन्यांचे आणि दालनांचे आम्ही ऋणी आहोत. खोली ऐकावी कशी, हे त्यांनी शिकविले. आता आपली खोली आपण ऐकावी. येत्या चवथीला आरती मुद्रित करावयास बसणाऱ्या तरुणाने यंत्र सुरू करण्यापूर्वी एकदा उगाच, काही न करता, त्या घरात बसावे. घुमट कोठून बोलते आणि भिंत त्याला काय उत्तर देते, हे ऐकावे. आणि मग मायक्रोफोन हाती घ्यावा.